झिंक फॉस्फेट की फॉस्फाइड, झिंकेट की झिंकाइट? जस्ताची सारखी वाटणारी नावं स्टोअरमध्ये वेगळी कशी ठेवायची

भोसरी_स्टोअर यांचा प्रश्न:

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान प्लेटिंग-फॉस्फेटिंग (जॉबवर, म्हणजे धातूच्या सुट्या भागावर, जस्ताचा किंवा फॉस्फेटचा थर चढवणाऱ्या) युनिटच्या स्टोअरसाठी मराठीत एक तक्ता करायचा आहे. माल घेणारे, देणारे आणि टाकीत ओतणारे सगळ्यांना वाचता येईल असा. ऑर्डर बहुतेक वेळा फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर जाते आणि तिथेच घोळ होतो. झिंक सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड. फॉस्फेट आणि फॉस्फाइड. क्लोराइड आणि क्लोरेट. झिंकेट, झिंकेटिंग, झिंक प्लेटिंग. झिंक क्रोमेट आणि क्रोमेटिंग. गोडाऊनच्या एका कोपऱ्यात मालकांच्या जुन्नरकडच्या शेतीचा मालही येऊन पडतो, म्हणजे झिंक सल्फेटच्या गोण्या आणि उंदराचं औषध.

विचारायचं ते असं:
१. यातली कुठली अदलाबदल खरोखर जिवावर बेतू शकते आणि कुठली फक्त जॉब खराब करते?
२. लेबल फाटलं असेल तर साध्या साधनांनी काय ओळखता येतं?
३. तक्त्यावर नावाशेजारी नेमकं काय लिहावं?

पाषाणचा_केमिस्ट यांचं उत्तर:

सुरुवात शेपटापासून करा. नावाच्या शेवटी 'आइड' असेल तर जस्ताला तेवढंच एक मूलद्रव्य जोडलेलं असतं, वेगळा ऑक्सिजन नसतो (ऑक्साइडमध्ये ते मूलद्रव्यच ऑक्सिजन). सल्फाइड म्हणजे जस्त आणि गंधक, बस. 'आइट' आणि 'एट' मध्ये ऑक्सिजन येतो, 'एट' मध्ये जास्त. सल्फाइटमध्ये गंधकाच्या एका अणूला ऑक्सिजनचे तीन, सल्फेटमध्ये चार. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड मात्र या नियमात बसत नाहीत. पहिल्यात ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात कार्बन-नायट्रोजनची जोडी असते.

पण स्टोअरमध्ये अणू मोजायचे नसतात. तिथे एकच प्रश्न विचारायचा: यावर ॲसिड पडलं तर काय निघेल? प्लेटिंग शॉपमध्ये पिकलिंगचं, म्हणजे धातूवरचा गंज काढायचं, ॲसिड कायम हाताशी असतं, त्यामुळे धोक्याची खरी वाटणी इथे होते. सल्फेटवर काही निघत नाही. फॉस्फेट गुपचूप विरघळतं. कार्बोनेट फसफसतं, पण तो कार्बन डायऑक्साइड, त्याला वास नाही. सल्फाइटमधून नाकाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड, सल्फाइडमधून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, सायनाइडमधून हायड्रोजन सायनाइड आणि फॉस्फाइडमधून फॉस्फिन. शेवटचे तीनही वायू जीव घेतात.

जिवावरची अदलाबदल म्हणाल तर तुमच्या यादीत ती फॉस्फेट-फॉस्फाइडची. झिंक फॉस्फेट पांढरी पूड, प्रायमरमध्ये आणि दाताच्या सिमेंटमध्ये वापरतात. झिंक फॉस्फाइड म्हणजे ते उंदराचं औषध, गडद करड्या ते काळपट रंगाची पूड, लसणासारखा वास. तुमची फॉस्फेटिंगची टाकी फॉस्फोरिक ॲसिडची आणि गरम. त्यात फॉस्फाइड गेलं तर फॉस्फिन लगेच सुटायला लागतो. हिशोब करून बघा: १० ग्रॅम शुद्ध झिंक फॉस्फाइड पूर्ण विघटित झालं तर साधारण १.९ लिटर फॉस्फिन निघतो. ३ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच अशा बंद खोलीत तो पसरला तर हवेत दहा लाखात ७० भाग होतात. तत्काळ जिवाला धोका मानण्याची मर्यादा ५० आहे आणि आठ तासांच्या कामासाठीची फक्त ०.३. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो, लसणाचा वास बरोबरच्या अशुद्धींचा असतो, म्हणून 'वास येत नाही म्हणजे ठीक' हे धरून चालू नका. यावर नेमका उतारा नाही, दवाखान्यात फक्त आधाराचे उपचार होतात.

त्यामुळे करडी-काळी पूड दिसली आणि लेबल नसेल तर ॲसिडची चाचणी करायचीच नाही. पाणीही मारायचं नाही, ओलाव्यानेसुद्धा वायू सुटतो. डबा तसाच बंद, कोरड्या हवेशीर जागी, आणि सप्लायरला बोलावणं. आग लागली तरी त्यावर कोरडी पावडर किंवा कोरडी वाळू, पाणी नाही. माझं स्पष्ट मत आहे की उंदराचं औषध त्या गोडाऊनमध्ये असूच नये. तक्ता कितीही चांगला केलात तरी ही वस्तू दुसऱ्या इमारतीत कुलपात हवी.

पांढऱ्या पुडींची ओळख मात्र घरच्या घरी होते. चिमूटभर पूड डिस्टिल्ड पाण्यात टाका. सल्फेट आणि क्लोराइड सहज विरघळतात. ऑक्साइड, कार्बोनेट, सल्फाइड, फॉस्फेट खाली बसतात. विरघळलं तर त्यात बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाका. पांढरा साका आला आणि पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्येही तसाच राहिला तर सल्फेट. नळाचं पाणी घेऊ नका, त्यात थोडं सल्फेट असतंच आणि चाचणी उगाच 'हो' म्हणते. बेरियम क्लोराइड स्वतः विषारी आहे, हातमोजे घाला.

न विरघळलेल्यांपैकी झिंक ऑक्साइडची खूण सुंदर आहे: स्टीलच्या चमच्यात तापवलं की पिवळं होतं, थंड झालं की पुन्हा पांढरं. सल्फाइडसाठी हवेशीर जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्या पुडीवर पातळ ॲसिडचा एक थेंब आणि वर ओला लेड ॲसिटेट पेपर धरा. पेपर काळा झाला की सल्फाइड. नाक जवळ नेऊन वास घेऊ नका, हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला तर वास घ्यायची शक्तीच बधिर करतो.

क्लोराइड-क्लोरेटबद्दल: ॲसिड झिंक बाथमध्ये (जस्त चढवायच्या आम्लधर्मी द्रावणात) लागतं ते झिंक क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. क्लोरेट हे तीव्र ऑक्सिडायझर, फटाक्याच्या दारूच्या जातीचं. लाकडाचा भुसा, तेलाचं फडकं, झिंक डस्ट यांच्याजवळ ते आलं तर आगीची भीती. फोनवर 'पोटॅश क्लोर...' एवढंच ऐकून कुणी पुढे लिहू नये.

चाकण_प्लेटिंग यांचं उत्तर:

वरचं पटलं. मी कामाच्या बाजूने लिहितो.

'झिंकेट' हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या टाक्यांना वापरतात आणि मालाची गडबड तिथूनच सुरू होते. पहिली टाकी ॲल्युमिनियमच्या जॉबसाठी. निकेल किंवा तांबं चढवण्याआधी जॉब त्यात बुडवतात, करंट द्यायचा नसतो. ॲल्युमिनियम थोडं विरघळतं, त्याच्या जागी जस्ताचा पातळ थर बसतो. यालाच झिंकेटिंग म्हणतात. जुना प्रचलित फॉर्म्युला: लिटरला ५२५ ग्रॅम कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि १०० ग्रॅम झिंक ऑक्साइड, खोलीच्या तापमानाला ३० ते ६० सेकंद. चांगल्या चिकटीसाठी डबल झिंकेट करतात: पहिला थर ५० टक्के नायट्रिकमध्ये काढायचा, स्वच्छ धुवायचं, मग पुन्हा कमी वेळ बुडवायचं. इथे लोक चुकतात ते वेळेत. जास्त वेळ ठेवला म्हणजे थर चांगला असं नाही. जाड झिंकेट स्पंजसारखं, दाणेदार बसतं आणि वरचं निकेल फोड येऊन सुटतं. द्रावण काकवीसारखं घट्ट असल्यामुळे भोकांतून, खाचांतून ते निथळत नाही, धुणं कमी पडतं. डायकास्टिंगमध्ये सिलिकॉन जास्त असतं. त्याचा काळा थर आधी फ्लोराइड असलेल्या ॲसिड डिपमध्ये काढला नाही तर झिंकेट ठिकठिकाणी बसतच नाही.

दुसरी टाकी म्हणजे सायनाइड नसलेली अल्कलाईन झिंक प्लेटिंग. तिच्यातही जस्त झिंकेट रूपातच असतं, म्हणून काही जण तिलाही 'झिंकेट बाथ' म्हणतात. इथे करंट असतो, जॉब लोखंडाचा असतो आणि प्रमाण अगदी निराळं: लिटरला जस्त साधारण ८ ते १४ ग्रॅम, कॉस्टिक १२० ते १४०. आता पहिल्या टाकीचा ३५ लिटरचा कॅन चुकून १००० लिटरच्या या बाथमध्ये गेला तर काय होईल? १०० ग्रॅम ऑक्साइडमध्ये जस्त ८० ग्रॅम, म्हणजे बाथमध्ये लिटरमागे जवळपास २.८ ग्रॅम जस्त एकदम वाढलं. कॉस्टिकही वाढतं, पण जस्ताच्या मानाने कमी. परिणाम: थ्रो (खाचांपर्यंत थर पोचवण्याची क्षमता) कमी होतो, कडा जाड आणि खाचेत थर पातळ. लोह मिसळलेला सुधारित फॉर्म्युला असेल तर लोहही बाथमध्ये जातं. म्हणून कॅनवर 'ॲल्युमिनियम झिंकेट, करंटशिवाय' आणि 'अल्कलाईन झिंक बाथ, करंटसह' असंच पूर्ण लिहा. नुसतं 'झिंकेट' हा शब्द तुमच्या तक्त्यावर असूच नये.

झिंक क्रोमेट आणि क्रोमेटिंग यांचंही तसंच. झिंक क्रोमेट हे पिवळं रंगद्रव्य आहे, गंजरोधक प्रायमरमध्ये घालतात, त्यात हेक्झाव्हॅलंट (सहा संयुजेचं) क्रोमियम असतं आणि ते कॅन्सर करणारं आहे. आपल्याला हवं असतं ते प्लेटिंगनंतरचं पॅसिव्हेशन, म्हणजे जस्ताच्या थरावरचं क्रोमियमचं रूपांतर-आवरण. आता बहुतेक वाहन कंपन्यांना ते ट्रायव्हॅलंटच (तीन संयुजेच्या क्रोमियमचं) लागतं. 'यलो झिंक क्रोमेट द्या' असं सांगितलं तर दुकानदार रंगद्रव्य देईल, त्याचा दोष नाही.

ड्रॉइंगवरच्या शब्दांकडेही बघा. 'जीआय' किंवा 'हॉट डिप' म्हणजे सुमारे ४५० अंशाच्या वितळलेल्या जस्तात बुडवणं, जाड स्टीलवर थर ८५ मायक्रॉनच्या घरात. 'झिंक प्लेटेड' म्हणजे करंटने ५ ते २५ मायक्रॉन. बोल्टवर हॉट डिप केलं तर नट मोठ्या मापाने टॅप केलेला लागतो, नाहीतर फिरणारच नाही. 'गॅल्व्हानील्ड' म्हणजे हॉट डिप पत्रा पुन्हा तापवून जस्त-लोखंडाचा मिश्रधातू केलेला. तो मंद राखाडी दिसतो आणि रंग चांगला धरतो. 'शेरार्डायझिंग' मध्ये जॉब झिंक डस्टसकट बंद ड्रममध्ये तापवतात. '१२.९' या फार उच्च ताकदीच्या ग्रेडच्या बोल्टवर करंटने जस्त चढवलं तर पोलादात शिरून ते ठिसूळ करणारा हायड्रोजन काढायला लगेच बेकिंग लागतं, चार तासांच्या आत सुरू करून १९० ते २२० अंशाला. तिथे झिंक फ्लेक कोटिंग जास्त बरं, त्यात करंटही नाही आणि पिकलिंगही टाळता येतं.

आणि एक जोडी तुमच्या यादीत नाही, पण फॉस्फेटिंगमध्ये रोज त्रास देते: नायट्रेट आणि नायट्राइट. टोनरमध्ये (टाकीतली क्रिया वेगाने व्हावी म्हणून घालायच्या द्रावणात) सोडियम नायट्राइट असतं. त्याच्या जागी सोडियम नायट्रेट टाकलं तर ५०-५५ अंशाच्या टाकीत थर वेळेत बसत नाही, डागाळ येतो, बाथमध्ये फेरस लोह साठतं. तपास सोपा: सॅकरोमीटर नळीत बाथ भरा, २-३ ग्रॅम सल्फॅमिक ॲसिड टाका, अंगठ्याने बंद करून उलटी-सुलटी करा आणि वर जमलेला वायू वाचा. त्यालाच गॅस पॉइंट म्हणतात. नायट्राइट असेल तर वायू निघतो, नुसतं नायट्रेट असेल तर शून्य. किती पॉइंट हवेत ते सप्लायरच्या डेटाशीटवर असतं.

रब्बी_खरीप यांचं उत्तर:

शेतीच्या गोण्यांबद्दल. 'झिंक सल्फेट' एकच शब्द, पण बाजारात माल दोन. हेप्टाहायड्रेटमध्ये पाण्याचे सात रेणू, खत नियंत्रण आदेशाप्रमाणे जस्त किमान २१ टक्के. मोनोहायड्रेटमध्ये एकच, जस्त किमान ३३ टक्के. पहिल्याचे काचेसारखे पारदर्शक स्फटिक, दुसऱ्याची पांढरी कोरडी पूड किंवा दाणे. हेक्टरी २५ किलो अशी शिफारस बहुतेक वेळा २१ टक्केवाल्याची असते, म्हणजे ५.२५ किलो जस्त. तेवढंच जस्त ३३ टक्केवाल्याच्या १५.९ किलोत मिळतं. उलट समजून गेलात तर पैसे वाया.

फवारणीसाठी १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरवलेला चुना. चुन्याची निवळी वेगळी करून गाळून घालायची. चुना नसेल तर द्रावणाच्या आम्लतेने पानं करपतात. त्याच पंपात डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट खत) घालू नका. टाकीतच झिंक फॉस्फेटचा साका होतो, नोझल तुंबतं आणि जस्त पानापर्यंत पोचत नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीतही जस्त असंच अडकून बसतं, म्हणून तिथे फवारणी किंवा १२ टक्के जस्ताचं चिलेटेड झिंक ईडीटीए बरं पडतं.

झिनेब आणि झायरम ही बुरशीनाशकं आहेत. त्यांच्या रेणूत जस्त असलं तरी ती जस्ताचं खत म्हणून मोजायची नाहीत. त्यांच्या आणि झिंक फॉस्फाइडच्या पाकिटावर कीटकनाशक कायद्याखालचा चौकटीतला रंगीत त्रिकोण असतो, खताच्या गोणीवर नसतो. वाचता न येणाऱ्याला ही खूण सगळ्यात कामाची.

भेसळ मॅग्नेशियम सल्फेटची होते, दिसायला हुबेहूब आणि स्वस्त. अर्धा ग्रॅम माल ५ मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यात १० टक्के कॉस्टिक थेंबथेंब सोडा. दोन्हीत पांढरा साका येतो. मग कॉस्टिक घालत राहा. जस्त असेल तर साका विरघळून द्रावण स्वच्छ होतं, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे हात आखडणं. एवढ्या मालाला कॉस्टिक ५-६ मिली तरी लागतं. २ मिलीवर थांबलात तर अस्सल मालही खोटा ठरेल.

पाषाणचा_केमिस्ट:

@रब्बी_खरीप, चाचणी अचूक. साका विरघळतो तेव्हा तयार होतं ते सोडियम झिंकेटच, चाकणवाल्यांच्या टाकीतलं. एक पळवाट बंद करायला हवी: तुरटीची भेसळ असेल तर ॲल्युमिनियमचा साकाही जादा कॉस्टिकमध्ये विरघळतो. म्हणून दुसऱ्या नळीत कॉस्टिकऐवजी अमोनिया वापरा. जादा अमोनियात जस्ताचा साका विरघळतो, ॲल्युमिनियमचा राहतो. साका हिरवट येऊन हवेत तपकिरी पडत गेला तर हिराकस मिसळलं आहे.

भोसरी_स्टोअर:

बहुतेक गोष्टी स्पष्ट झाल्या. दोन राहिल्या. झिंकाइट हे झिंकेटचंच 'आइट' रूप का? आणि भंगारवाले झिंक ॲश, झिंक ड्रॉस, झिंक डस्ट म्हणतात, त्यात फरक काय? स्टोअरमध्ये डस्टचा एक ड्रम आहे, पावसाळ्यात तो कुठे ठेवावा?

खनिज_कोथरूड यांचं उत्तर:

झिंकाइटचा त्या साखळीशी संबंध नाही. खनिजांच्या नावातलं 'आइट' हे नुसतं खनिजाचं शेपूट, त्यावरून ऑक्सिजन मोजायचा नसतो. झिंकाइट म्हणजे निसर्गात मिळणारं झिंक ऑक्साइड, मँगनीजमुळे लाल-नारिंगी, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन आणि स्टर्लिंग हिलच्या खाणींमुळे प्रसिद्ध. झिंकेनाइटमध्ये तर जस्तच नाही, ते शिसं-अँटिमनीचं सल्फाइड. स्फॅलराइट आणि वुर्टझाइट दोन्ही झिंक सल्फाइड, फक्त स्फटिकरचना वेगळी. राजस्थानात रामपुरा आगुचाला जस्तासाठी खणतात ते स्फॅलराइट. जुन्या पुस्तकांतलं 'कॅलामाइन' दोन वेगळ्या खनिजांना लावलेलं सापडतं, कार्बोनेट असलेलं स्मिथसोनाइट आणि सिलिकेट असलेलं हेमिमॉर्फाइट. औषधाच्या दुकानातलं गुलाबी कॅलामाइन मात्र झिंक ऑक्साइडच, त्यात किंचित फेरिक ऑक्साइड. तुमच्या तक्त्यात यातलं काहीच नको.

पाषाणचा_केमिस्ट:

ॲश म्हणजे हॉट डिप टाकीच्या वरून काढलेली साय: ऑक्साइड, अडकलेलं थोडं जस्त आणि फ्लक्सचं क्लोराइड. ड्रॉस टाकीच्या तळाशी बसतो, तो जस्त-लोखंडाचा जड मिश्रधातू. डस्ट म्हणजे शुद्ध धातूची बारीक पूड, झिंक-रिच प्रायमरसाठी. ती करडी असते, त्यामुळे लेबल गेलं तर फॉस्फाइडशी गल्लत होण्याची शक्यता हिचीच सर्वात जास्त. ओलावा, ॲसिड, कॉस्टिक यातल्या कशाशीही ती हायड्रोजन सोडते. ओला ड्रम घट्ट बंद केला तर आत दाब वाढतो. पावसाळ्यात ती जमिनीवर नको, लाकडी पॅलेटवर, गळक्या पत्र्यापासून आणि पिकलिंगच्या भिंतीपासून लांब ठेवा. एकदा उघडलेला ड्रम महिनोन्‌महिने ठेवू नका. आगीला इथेही पाणी नाही.

तक्त्याबद्दल. मराठी नाव, रासायनिक सूत्र, सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र जागतिक नोंदणी क्रमांक), रंग, 'ॲसिड पडलं तर' आणि कोणती टाकी, असे सहा रकाने पुरतील. ऑर्डर सीएएस क्रमांकानेच द्या, कारण फोनवर आकडे शेपटांपेक्षा कमी चुकतात. झिंक सल्फेट हेप्टा ७४४६-२०-०, मोनो ७४४६-१९-७, झिंक सल्फाइड १३१४-९८-३, झिंक ऑक्साइड १३१४-१३-२, झिंक फॉस्फेट ७७७९-९०-०, झिंक क्लोराइड ७६४६-८५-७. झिंक फॉस्फाइड १३१४-८४-७, हा लाल रंगात लिहा. सल्फाइड, ऑक्साइड आणि फॉस्फाइड तिघांचे पहिले चार आकडे एकच आहेत, तेव्हा क्रमांक अर्धा वाचून माल उतरवून घेऊ नका. ड्रमवर वाहतुकीचा यूएन १७१४ दिसला तर तो फॉस्फाइडच, गाडीतून खाली न घेता परत पाठवा.